वाचकांशी संवाद : दुसऱ्या कपातला चहा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. जिवंत माणूस आणि अमानवी व्यक्ती यांच्यातील प्रेमाच्या कादंबऱ्या हा तो विषय. तिन्ही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे दिली आहेत. पहिल्या पत्रातील कादंबरीचे आणि तिच्या लेखकाचे नाव गाळले आहे, कारण प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाही.

प्रश्न : स. न. वि. वि. मी फोर्टमधील एका बँकेत काम करते आणि रोज डोंबिवलीहून ये-जा करते. मार्चअखेरच्या धावपळीत वाचनालयातून एक कादंबरी आणली. गिरगावातील एका वाडीतले जुने घर पुनर्विकासासाठी पाडले जाणार असते. त्याची मोजमापे घेण्यासाठी आलेली तरुण वास्तुविशारद आणि त्याच घरात १८९६ च्या प्लेगमध्ये मरण पावलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी यांची ती प्रेमकथा आहे. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून मी फार अपेक्षा ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात पुढे काय होणार हे पन्नासाव्या पानावरच कळले, नायक नुसताच देखणा आणि उदास निघाला, आणि शेवटी तो पुन्हा जिवंत कसा होतो हे दोनदा वाचूनही समजले नाही. तरीही तीन दिवसांत, बहुतेक वेळ लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, मी ती संपवली, आणि त्या तीन दिवसांत घरी पोहोचताना माझे डोके दुखत नव्हते. आमच्या वाचनकट्ट्यावर हे सांगितले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी, असल्या पुस्तकांवर वेळ घालवण्यापेक्षा गाडीत डोळे मिटून बसावे, असे सुनावले. पुस्तक चांगले नाही हे मला मान्य आहे, पण मग मला बरे का वाटले? आणि वाचनालयाच्या अभिप्रायवहीत मी नेमके काय लिहावे?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : आपले पत्र आल्यावर मी ती कादंबरी मिळवली आणि दोन बैठकींत वाचून काढली. आपला निर्णय बरोबर आहे आणि आपला अनुभवही खरा आहे. एकाला जपण्यासाठी दुसरा खोडण्याची गरज नाही.

आधी तिच्यातले उत्तम पान. नायिका त्या रिकाम्या घरात मुक्कामाला राहते आणि चौथ्या दिवशी सकाळी, काही विचार न करता, दोन कप चहा करते. एक स्वतः घेते आणि दुसरा खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवते. दुपारी मोजमापांचे कागद गुंडाळताना तिचे लक्ष त्या कपाकडे जाते. चहा तसाच आहे, त्याच्यावर साय धरली आहे आणि सायीवर खिडकीतून आलेली धूळ बसली आहे. ती कप विसळून ठेवते आणि संध्याकाळी पुन्हा दोन कप करते. एवढेच पान आहे, त्यात ना उसासा आहे ना संवाद, पण जो माणूस समोर आहे आणि ज्याला चहाचा एक घोटही घेता येत नाही, त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे काय हे त्या सायीवरून जेवढे कळते तेवढे पुढच्या दोनशे पानांत कळत नाही. हे पान लिहिणाऱ्याच्या हातात ताकद आहे, म्हणूनच पुढची निराशा अधिक बोचते.

कारण त्यानंतर वीसेक पानांतच हा नायक पावसात तिच्या डोक्यावर छत्री धरून मरीन ड्राइव्हवरून चालताना दिसतो. ज्याला कप उचलता येत नाही त्याला छत्री कशी धरता आली? अद्भुताच्या कथेत वाटेल ते चालते, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. भूत आहे हे वाचक पहिल्याच पानावर मान्य करतो. त्याच्या बदल्यात त्याची एकच मागणी असते, की एकदा ठरवलेला नियम लेखकाने मोडू नये. वास्तववादी कादंबरीला जगाचे नियम आयते मिळतात. अद्भुताच्या लेखकाला ते स्वतः घालावे लागतात आणि म्हणून त्याच्यावर शिस्तीचे ओझे जास्त असते. आपल्याला शेवट समजला नाही तो आपल्या वाचनातल्या उणिवेमुळे नव्हे. नियम आधीच सुटलेले असल्यामुळे शेवटी कशाचेही काहीही होऊ शकत होते, आणि काहीही होऊ शकते तेथे जे होते त्याची किंमत राहत नाही.

त्याच प्रसंगात आणखी एक संधी हुकली आहे आणि ती मला मुंबईकर म्हणून अधिक लागली. मरीन ड्राइव्ह हा बॅकबेच्या समुद्रात भर घालून विसाव्या शतकात झालेला रस्ता आहे. १८९६ मध्ये वारलेल्या तरुणाच्या दृष्टीने तेथे समुद्र असायला हवा. तिचा हात धरून चालणारा हा माणूस ज्या जमिनीवर पाऊल टाकतो ती त्याच्या हयातीत नव्हतीच. तो एक क्षण थबकला असता, पायाखाली पाणी नाही याची त्याने खात्री करून घेतली असती, तर सव्वाशे वर्षांचे अंतर एका पावलात दिसले असते. लेखकाने त्याला तेथे बाकावर बसवून चंद्राविषयी बोलायला लावले आहे.

प्लेगच्या बाबतीतही तेच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले आणि त्या हिवाळ्यात लोक गाठोडी घेऊन शहराबाहेर निघाले. तपासणीसाठी माणसांना घराबाहेर काढले जात होते, घरे धुतली जात होती, आत ऊन यावे म्हणून काही ठिकाणी छपरांची कौले उतरवली जात होती. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हा नायक शिकतो, तेथेच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्रयोगशाळा थाटून लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे लस येण्याच्या काही आठवडे आधी, तीच लस जेथे घडत होती त्या इमारतीत शिकणारा मुलगा दगावला. याहून मोठे दुःख कुठल्या कल्पनेतून आणायचे? कादंबरीत प्लेगला दोन वाक्ये मिळाली आहेत आणि नायकाच्या डोळ्यांच्या रंगाला अडीच पाने.

भाषेविषयी एकच सांगतो. हा नायक अनोळखी स्त्रीला पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हणतो आणि तीही त्याला लगेच ‘तू’ म्हणते. मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याला ‘अहो’ कधी ‘अरे’ होईल, हा एक अतिशय नाजूक क्षण भाषेने फुकट दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकातला सुशिक्षित तरुण एका अनोळखी बाईशी आधी नजर खाली ठेवून, अडखळत, ‘आपण’ म्हणून बोलला असता. ‘आपण’वरून ‘तुम्ही’, ‘तुम्ही’वरून ‘तू’ असा त्या दोघांचा प्रवास हीच खरे तर कादंबरी होती. ती जागा रिकामी राहिल्यामुळे त्यांच्या प्रेमाला सुरुवातच दिसत नाही, ते आधीपासून असल्यासारखे वाटते.

शेवटी तो जिवंत होतो त्याविषयी. मेलेला माणूस प्रेमामुळे परत यावा, ही इच्छा बालिश नाही. आपण ‘कादंबरी’ हा शब्द ज्या ग्रंथावरून घेतला, तो सातव्या शतकातला बाणभट्टाचा संस्कृत ग्रंथ नेमकी हीच गोष्ट सांगतो. त्याचा नायक चंद्रापीड मरण पावतो, पण त्याचे शरीर नासत नाही. त्याची प्रेयसी, जिचे नावच कादंबरी आहे, त्या देहाची सेवा करीत त्याच्याजवळ बसून राहते. तिच्याही आधीपासून तिची मैत्रीण महाश्वेता सरोवराकाठी तापसी होऊन आपल्या मृत प्रियकराची, पुंडरीकाची, वाट पाहत असते. शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, पोपटाच्या तोंडून सांगितलेली आठवण आहे, आणि तरीही चंद्रापीड जेव्हा डोळे उघडतो तेव्हा आपल्याला फसवल्यासारखे वाटत नाही. देह का नासला नाही, कोणाचा शाप कोणाला भोवला, कोण किती जन्म थांबले, या सगळ्याचा हिशेब ग्रंथात आहे. बाणाच्या हयातीत ग्रंथ पुरा झाला नाही, तो त्याच्या मुलाने पूर्ण केला, पण त्या मुलानेही तो हिशेब सोडला नाही. आपण वाचलेल्या कादंबरीत मात्र घर पाडण्याच्या आदल्या रात्री वीज कडाडते आणि सकाळी नायकाला भूक लागते. वाट कोणी पाहिली, गमावले कोणी, हे कोठेच येत नाही.

आता आपला मुख्य प्रश्न, की मग बरे का वाटले. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका आजारपणात मला सलग नऊ रात्री रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातील बाकावर काढाव्या लागल्या. पिशवीत एक अतिशय नावाजलेली कादंबरी होती आणि तिचे एकही पान माझ्या डोक्यात शिरत नव्हते. शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी एक जुनी, शिवण सुटलेली रहस्यकथा दिली. खुनी कोण हे मला तिसऱ्या प्रकरणात समजले, तरीही मी ती पहाटेपर्यंत वाचली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा वाचली. त्या वेळी मला जे हवे होते ते नवे काही नव्हते. पुढच्या पानावर आपल्याला धक्का बसणार नाही, एवढी खात्री हवी होती. दिवसभर आकड्यांचा ताळा लावणाऱ्या, प्रत्येक नोंदीची जबाबदारी स्वतःच्या सहीवर घेणाऱ्या माणसाला, शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट हा विसावा असतो. पन्नासाव्या पानावर कथानक कळणे हा कलाकृती म्हणून दोष खरा, पण आपल्या थकलेल्या मनाला त्या तीन दिवसांत त्याच दोषाचा उपयोग झाला.

ज्येष्ठ सदस्यांचा सल्ला त्यांच्या जागी प्रामाणिक असेल. तथापि संध्याकाळच्या डोंबिवली गाडीत डोळे मिटणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे त्या गाडीने जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. मिटलेल्या डोळ्यांपुढे दिवसभराची बाकी कामे उभी राहतात. उघड्या डोळ्यांपुढे गिरगावातले एक जुने घर, त्याचा लाकडी जिना आणि खिडकीतला एक कप येत असेल तर त्यात कमीपणा कसला?

अभिप्रायवहीत दोन्ही गोष्टी लिहा. ‘कथानक अपेक्षित वळणाने जाते, अमानवी गोष्टींचे नियम पाळलेले नाहीत, शेवट पटत नाही. चहाचा प्रसंग सुंदर आहे. प्रवासात, थकलेले असताना वाचण्यास हलकीफुलकी आणि सोबत करणारी,’ असे लिहिलेत तर पुढच्या वाचकाला पुस्तक घ्यावे की नाही हे नेमके कळेल. फक्त ‘ठीक’ लिहू नका, त्या शब्दाने कोणालाच काही समजत नाही.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी सध्या केवळ इंग्रजीतल्या रक्तपिपासू पिशाचांच्या प्रेमकथा वाचते. मराठी पुस्तकाला हात लावत नाही. तिचे एक पुस्तक मी चाळले तर त्यातला नायक रात्री नायिकेच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो आणि तिला ते आवडते. ही पुस्तके बंद करावीत का?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : बंद करू नका. मात्र आपल्याला जे खटकले ते अगदी योग्य खटकले आहे.

हे पिशाच मुळात प्रियकर नव्हते. १८९७ मध्ये, म्हणजे मुंबई प्लेगशी झुंजत असतानाच, लंडनमध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला सरदार रात्री खोलीत येतो तो भय म्हणून, आणि घरातली माणसे दारे-खिडक्यांना लसणीच्या फुलांच्या माळा बांधून त्याला बाहेर ठेवतात. रुबाबदार, खानदानी पिशाच इंग्रजीत त्याच्याही आधी, १८१९ मध्ये पॉलिडोरीच्या कथेत आले होते, आणि तेही घातकच होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखकांनी या पिशाचाला पश्चात्ताप दिला, एकाकीपण दिले, आणि पुढे किशोरवयीन वाचकांसाठी त्याला शाळेत आणून बसवले. एका परीने तो चांगला बदल होता, कारण ज्याला जग राक्षस म्हणते त्याचे मन समजून घेण्याची जागा त्यातून तयार झाली. पण जुन्या भयकथेतील काही सवयी नव्या प्रेमकथेत तशाच राहिल्या, आणि न विचारता खोलीत येणे ही त्यांतलीच एक. तेथे जी धोक्याची खूण होती ती येथे प्रेमाची खूण म्हणून येते.

हे आपण मुलीला सांगू शकता, पण उपदेश म्हणून नव्हे. तिचे पुस्तक पूर्ण वाचा, चाळू नका. मग तिला विचारा, की हा नायक पिशाच नसता, आपल्याच सोसायटीतला वीस वर्षांचा मुलगा असता आणि असाच रात्री खिडकीतून आला असता, तर तू काय केले असतेस? माझा अनुभव असा, की या वयाच्या मुली या प्रश्नाचे उत्तर फार स्वच्छ देतात. पुस्तकातले प्रेम आणि जिन्यातला मुलगा यांतला फरक त्यांना आपल्या समजुतीपेक्षा जास्त कळतो. पुस्तक हिसकावून घेतले तर हे बोलणेच होणार नाही, आणि पुढच्या वेळी ते पुस्तक उशीखाली जाईल.

मराठीचे म्हणाल तर तिला जे आवडते तेथून सुरुवात करा. नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा तिच्या हाताशी ठेवा. त्यांत प्रेमकथेचा भाग थोडा आहे हे आधीच सांगून टाका, नाही तर तिची फसवणूक होईल. मतकरींची एखादी कथा रात्री जेवणानंतर आपणच मोठ्याने वाचून दाखवा आणि ती अर्ध्यावर थांबवा. उरलेली ती स्वतः वाचेल.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा असून मराठीत अशीच एक अमानवी प्रेमकथा लिहितो आहे. मित्र म्हणतात की हा प्रकार परदेशी आहे, आपल्याकडे शोभत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक होतकरू लेखक, वसई

उत्तर : बाणभट्टाचा दाखला वर आलाच आहे. ऋग्वेदात मर्त्य पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांचा संवाद आहे, ज्यात ती निघून चालली आहे आणि तो तिला थांबवू पाहतो. त्यावरून पुढे कालिदासाने नाटक लिहिले. मराठीतही १८५७ मध्ये विधवांच्या दुःखाची ‘यमुनापर्यटन’ आली आणि चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली. म्हणजे आपली कादंबरी पहिल्यापासून या दोन्ही रुळांवर चालत आली आहे. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या थोर कर्तृत्वामुळे वास्तवाच्या रुळाला मान मिळाला, आणि तो योग्यच मिळाला, पण दुसरा रूळ परका ठरत नाही.

परके काही असेल तर ते उसने पिशाच. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, ब्रह्मसमंध आहे, वाट चुकवणारा चकवा आहे, तळकोकणात गावाची राखण करणारा देवचार आहे. प्रत्येकाची जागा, वेळ आणि अट ठरलेली आहे. मुंजा घ्या. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, असे लोक मानतात. लग्नावाचून राहिलेला हा जीव प्रेमात पडला तर काय होईल, हा प्रश्न त्या समजुतीतच दडलेला आहे, तो कोठून आणायला नको. वसईत आपल्या आजूबाजूला अजून पिंपळ आणि विहिरी शिल्लक आहेत. तेथील म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या.

लिहिण्यापूर्वी एका कागदावर आपल्या अमानवी व्यक्तीला काय करता येते आणि काय येत नाही ते लिहा. ती वस्तू उचलू शकते का? तिला वास येतो का? उंबरठा ओलांडता येतो का? पाऊस तिच्या अंगावरून ओघळतो की आरपार जातो? ती कोणाकोणाला दिसते? हा कागद टेबलासमोर चिकटवा आणि कितीही मोह झाला तरी त्यातले एक अक्षर बदलू नका. नायिकेने तिच्यासाठी काय सोडले, हेही त्याच कागदावर खाली लिहा. ती जागा कोरी राहिली तर कादंबरीला अजून हात घालू नका.

आणि जागेचा अभ्यास करा. पहिल्या पत्रातील कादंबरीत नायक रोज रात्री बाराच्या ठोक्याला येतो. कोणाच्या बाराला? भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली. त्याआधी मुंबईच्या घड्याळांत मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे, आणि प्रमाणवेळ आल्यावरही या शहराने ती कित्येक वर्षे सोडली नाही. १८९६ मध्ये वारलेल्या माणसाला नवी वेळ कोणी सांगितली? नायिका मोबाइलमध्ये बारा वाजलेले पाहून जिन्याकडे डोळे लावून बसेल आणि तो येणार नाही. त्याचे बारा आपल्या घड्याळात बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी वाजतात. आपल्या कादंबरीत तिला ती एकोणचाळीस मिनिटे त्या जिन्याशी बसवून ठेवा.